काळ्या गाडीला आठ

सोमवारी सकाळी साडेनऊला बिरप्पा दुकानावर आला तेव्हा ती काळी गाडी शटरसमोर उभी होती. त्यानं ती लांबूनच ओळखली. गेल्या गुरुवारी दिवसभर तिच्यावर त्यानंच मशीन फिरवलं होतं. गाडी परत आली म्हणजे काय झालं असणार, हे त्याला जवळ जायच्या आधीच कळलं. तरी तो गेला. ऊन तिरपं पडलं होतं आणि बोनेटवर, त्या उन्हाच्या ठिपक्याभोवती, बारीक गोल रेघांची जाळी उठली होती. दोन्ही बाजूंच्या दरवाज्यांवरही तशीच.

त्यानं उजवा खांदा डाव्या हातानं दाबला आणि शटर उघडायला वाकला.

बिरप्पा मंगळवेढ्याकडचा. वडिलांची मेंढरं होती. विसाव्या वर्षी तो सोलापुरात आला, एका गॅरेजात पेंटरच्या हाताखाली पॉलिशपेपर घासायला लागला, आणि तेव्हापासून गाड्यांचे पत्रेच घासत होता. आता चव्वेचाळीसचा होता. विजापूर रोडवरच्या महेश्वरच्या दुकानात त्याला नऊ वर्षं झाली होती. गाडी धुणं, पॉलिश, कोटिंग असं तिथं चालायचं. धुवायला दुसरी दोन माणसं होती, सोमवारी त्यांना सुट्टी असायची. पॉलिशचं मशीन मात्र बिरप्पाच्याच हातात.

गाडीची मालकीण समोरच्या चहाच्या टपरीवरून रस्ता ओलांडून आली. गुरम्मा तिचं नाव. साठी ओलांडलेली, ठेंगणी, केस आखूड कापलेले, चालणं भरभर. अक्कलकोटची. सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती, दोन वर्षांमागं रिटायर झाली होती. गाडी स्वतःच चालवायची.

"बघितलंस?" ती म्हणाली.

"बघितलं."

"गुरुवारी नेली तेव्हा आरशासारखी होती. शनिवारी धुतली आणि उन्हात आणली, तर हे. अय्यो, मला वाटलं माझ्याच डोळ्यात काही गेलं."

पॉलिशमधलं तेल रेघांमध्ये बसतं आणि दोन दिवस सगळं झाकून ठेवतं. शाम्पूनं एकदा धुतलं की खरं काय ते वर येतं. हे त्याला गुरुवारीही माहीत होतं.

"मालक येतील दहाला. बसा की," तो म्हणाला.

"बसते. पण अशी घेऊन जाणार नाही. रविवारी आम्ही जुन्या सिस्टर सगळ्या जमणार आहोत, इथं सोलापुरातच. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी. पोरी कसल्या, त्याही आता पन्नाशीच्या झाल्या. मी स्वतः गाडी चालवत येणार म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय."

एवढं सांगून ती जरा लाजल्यासारखी झाली आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली.

महेश्वर दहाला आला. गाडी दिसताच त्याचा चेहरा पडला, पण तो लगेच सावरला. गुरम्माला त्यानं अक्का म्हणून हात जोडले, कानडीत दोन वाक्यं विचारपूस केली, पाणी मागवलं. मग बोनेटवरून बोट फिरवत म्हणाला, "अक्का, नऊ वर्षांची गाडी. पेंट जुना आहे. आतले ओरखडे पॉलिश केल्यावर वर येतात. कुणाकडंही केलं असतं तरी हेच झालं असतं."

बिरप्पा पाण्याचा पाइप गुंडाळत होता. हे बोलणं त्यानं पुष्कळदा ऐकलं होतं. ह्यानंतरचं वाक्य त्याचं असायचं. मालक त्याच्याकडं बघायचा आणि तो म्हणायचा, "व्हय, पेंटच तसा हाय."

मालकानं त्याच्याकडं बघितलं. गुरम्मानंही बघितलं.

"तू सांग," ती म्हणाली. "हात तुझा होता."

रात्री बिरप्पाला झोप लागली नव्हती. उजव्या कुशीवर वळलं की खांद्यात कळ, डाव्या कुशीवर वळलं तर हात लोंबायचा आणि मुंग्या यायच्या. पहाटे केव्हातरी डोळा लागला तोवर नळाला पाणी आलं होतं. आता मालक वाट बघत होता. चार शब्द बोलायचे होते. पण ते बोलले की ही बाई पुढचं विचारणार, मग त्याला आणखी चार शोधावे लागणार, ते जुळवत दुपार करावी लागणार. एवढं ओढत न्यायला त्याच्या अंगात त्या सकाळी काही उरलं नव्हतं.

"पेंट चांगला हाय," तो म्हणाला. "पॅड भरला होता."

"म्हणजे?"

त्यानं आतून गुरुवारचे दोन पॅड आणले. मशीनला पुढं लावायच्या त्या फोमच्या गोल चकत्या, तळहाताहून थोड्या मोठ्या. एक धुवायचा राहून गेला होता. काळपट झाला होता आणि वरचा थर वाळक्या चामड्यासारखा कडक. गुरम्मानं तो हातात घेऊन अंगठ्यानं दाबून पाहिला. तो दबला नाही.

"अख्ख्या गाडीला हा एकच?"

"हा घासायला. आन् तो दुसरा शेवटचा हात मारायला."

"दोनच?"

"दोन."

गुरम्मानं महेश्वरकडं न बघता पॅड बिरप्पाच्या हातात परत दिला. "आमच्याकडं बोळा भरला की टाकून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा. भरलेल्या बोळ्यानं पुसलं तर घाण इकडची तिकडं होते, दुसरं काही होत नाही. एवढं तर नव्या पोरींना पहिल्या दिवशी सांगायचो."

"तसंच हाय हे," बिरप्पा म्हणाला. "पेंटचा जो थर निघतो त्यो पॅडातच बसतो. वरनं उन्हानं पॉलिशचं कंपाऊंड वाळतं. मंग तीच खरखर फुडच्या पत्र्यावर घासली जाती."

"मग किती लागतात?"

मालक मोबाइल काढून त्यात बघत होता, पण त्याचं बोट हलत नव्हतं.

"काळ्या गाडीला आठ," बिरप्पा म्हणाला. "घासायला पाच. बोनेटला एक, टपाला एक, दोन बाजूंना दोन, डिकी आन् बंपर मिळून एक. शेवटच्या हाताला तीन. एकाचं काम झालं की त्यो बाजूला ठिवायचा."

"आहेत का तुमच्याकडं आठ?" गुरम्मानं महेश्वरला विचारलं.

महेश्वरनं मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाला, "आहेत, अक्का."

"मग द्या की त्याला. मी बसते."

पॅड आतल्या कपाटात होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत तसेच बांधलेले. दुकान सुरू झालं तेव्हा बिरप्पा प्रत्येक गाडीला सात-आठ पॅड घ्यायचा आणि संध्याकाळी धुऊन तारेवर वाळत घालायचा. मग लॉकडाऊन आलं. पुण्याहून माल येईना. जे चार-पाच पॅड होते ते फाटत गेले आणि दोनांवर भागवायची वेळ आली. भागलं. गिऱ्हाइकं गाडी घेऊन जायची, फारशी कुणी परत यायची नाहीत, यायची ती पेंट जुना आहे हे ऐकून जायची. पुढं माल यायला लागला, पण दोनाची सवय तशीच राहिली. मालकाची झाली, तशी बिरप्पाचीही झाली. पॅड भरला की तो मशीन जोरानं दाबायचा. दाबलं की जरा वेळ घासायचं. मग आणखी दाबायचा.

कपाटापाशी महेश्वर हळू आवाजात म्हणाला, "बिरप्पा, गिऱ्हाइकासमोर?"

"चुकलं, मालक."

"चुकलं म्हणतोस, आणि..." त्यानं पिशवी बिरप्पाच्या हातात दिली आणि गल्ल्यापाशी जाऊन बसला.

गाडी आत घेतली. धुतली, पुसली, काचांच्या रबराला नि नंबरपट्टीला चिकटपट्टी लावली. अकरा वाजत आले होते आणि वरचे पत्रे तापायला लागले होते. बिरप्पानं बोनेटपासून सुरुवात केली. नवा पॅड मशीनला लावला, त्यावर कंपाऊंडचे चार थेंब टाकले, सवयीनं पाय रोवले, उजवा खांदा पुढं काढला आणि मशीन दाबलं.

मशीन अडलं आणि थरथरलं. त्यानं दाब कमी केला. अजून कमी केला. मशीन आपल्याच वजनावर पत्र्यावरून सरकायला लागलं आणि त्याच्या मागं जाळी पुसली जायला लागली. त्यानं फक्त धरायचं होतं. बोनेट वीस मिनिटांत झालं. गुरुवारी ह्याच बोनेटला तासाहून जास्त लागला होता.

पॅड बदलून तो टपाकडं वळला. टप ही त्याची सगळ्यात नावडती जागा, स्टुलावर चढून हात लांबवून करायची. तीही हलक्या हातानं झाली. मग तिसरा पॅड लावून ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा. दरवाजा अर्धा झाला असेल, तेव्हा त्यानं मशीन बंद केलं, खाली ठेवलं आणि गाडीच्या चाकाशी ओल्या फरशीवर बसला.

महेश्वर उठून आला. "काय झालं? चक्कर आली का?"

"न्हाय."

"पाणी देऊ?"

"नगो." बिरप्पा चाकाकडंच बघत होता. "लई हलकं चाललंय, मालक."

महेश्वरला कळलं नाही. हलकं चाललंय तर बसायचं कशाला? पण गुरम्मा खुर्चीतून उठली होती. साडीचा पदर कमरेला खोचून ती त्याच्याजवळ आली आणि न विचारता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अंगठ्यानं हाडाच्या कडेकडेनं दाबत गेली. एका जागी बिरप्पा कळवळला.

"हात वर कर. बाजूनं कर."

हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला.

"किती दिवस?"

"तीन वरसं झाली आसतील. आदी नुसता दुखायचा."

"दाखवलंस कुणाला?"

"मलम लावतो की."

"मलम," गुरम्मा म्हणाली. ती त्याच्या शेजारी स्टुलावर बसली. "मशीन रोज असंच दाबत होतास?"

"पॅड भरल्यावर दाबावंच लागतं. तेबिगर घासत न्हाय. मला वाटलं आपलं वय झालं, जोर कमी पडतोय. म्हणून आजून दाबायचो." त्यानं खाली ठेवलेल्या मशीनकडं बघितलं. "आज कळतंय, जोर लागतच न्हवता."

त्याचा आवाज चढला नव्हता. पण महेश्वरला तिथं उभं राहणं जड गेलं. तो गाडीच्या पलीकडं गेला, परत आला.

"मग आधी का नाही बोललास?" तो म्हणाला. "नऊ वर्षं आहेस इथं. मी काय नाही म्हणालो असतो?"

"बोललो होतो. लॉकडाऊन सपल्यावर, पयल्याच मैन्यात. दोनदा."

"मला आठवत नाही."

"तुमी फोनवर होता. हां हां म्हणला." बिरप्पानं तोंडावरून हात फिरवला. "आमचे वडील मेंढरं कातरायला बसायचे, तवा चार कातरी घिऊन बसायचे. एकीची धार गेली की दुसरी. बोथट कातर दाबावी लागती, आन् दाबली की कातडी कापती. मला ठावं होतं, मालक. म्या पन तिसऱ्यांदा बोललो न्हाय. दिवसभर घासून बोलायचं ध्यानच राहत न्हाय मानसाला."

बाहेर रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला. गुरम्मानं समोरच्या टपरीवाल्याला हात करून तीन चहा सांगितले.

चहा झाल्यावर बिरप्पा उठला आणि ती बाजू पुरी केली. चौथा पॅड काढून दुसऱ्या बाजूकडं निघाला, तेव्हा महेश्वर शर्टाच्या बाह्या दुमडत होता. दुकानात दुसरं मशीन होतं, बरेच दिवस वापरलेलं नव्हतं. त्यानं ते काढलं, धूळ झटकली, पाचवा पॅड लावला आणि डिकीपाशी उभा राहिला. पॉलिश करायला त्याला बिरप्पानंच शिकवलं होतं, दुकान सुरू झालं त्या वर्षी. पुढं गिऱ्हाइकं, फोन, माल ह्यात त्याचा हात सुटला. आता पहिल्या दहा मिनिटांतच त्याच्या पाठीवर शर्ट चिकटला आणि मशीन एका जागी जास्त वेळ राहायला लागलं.

"थांबवू नका. हलवत रावा," बिरप्पा पलीकडून म्हणाला. "पत्रा तापंल."

"हो हो."

"आन् दाबू नका."

महेश्वरनं मान हलवली. डिकी आणि बंपर करायला त्याला पाऊण तास लागला. मशीन ठेवल्यावर तो बराच वेळ आपलं मनगट चोळत उभा होता.

दोन वाजता सगळे जेवले. गुरम्मानं डबा आणला होता, तिनं शेंगाचटणी दोघांच्याही पानात वाढली. जेवताना तिनं पर्समधून चिठ्ठी काढून एक नाव लिहिलं. सिव्हिलमध्ये व्यायाम शिकवणाऱ्या विभागातल्या बाईचं. "मंगळवारी जा. माझं नाव सांग. आणि ऐक, हा खांदा पहिल्यासारखा होईल असं मी सांगत नाही. पण अजून दोन वर्षं असाच दाबलास तर चमचा उचलता येणार नाही. एवढं नक्की."

"मंगळवार म्हंजे उद्याच," बिरप्पा म्हणाला आणि मालकाकडं बघितलं.

"जा," महेश्वर म्हणाला. "उद्या धुण्याच्याच गाड्या घेऊ."

शेवटचा हात फिरवायला तीन पॅड होते, मऊ, काळ्या फोमचे. ते काम बिरप्पानं एकट्यानं केलं. सावकाश केलं. साडेचारला गाडी बाहेर काढून उन्हात उभी केली, आणि ह्या वेळी त्यानं स्वतःच वर शाम्पूचं पाणी मारून तेल काढून टाकलं, म्हणजे लपायला काही राहणार नाही. पुसून झाल्यावर तिघंही बोनेटवर वाकले. उन्हाचा ठिपका एकटाच होता, स्वच्छ, कडा धारदार. डाव्या मागच्या दरवाज्याखाली एक जुना ओरखडा राहिला होता.

"हा खोल हाय," बिरप्पा म्हणाला. "काढाय गेलो तर पेंट जाईल."

"राहू दे. तो माझा आहे, दवाखान्याच्या गेटला घासली होती." गुरम्मा हसली. "साकु, पुरे एवढं. ह्याहून जास्त चकाकली तर त्या पोरी म्हणतील नवीन घेतली."

ती गेली. वळणावर तिनं उगाचच हॉर्न वाजवला.

बिरप्पा आठही पॅड घेऊन नळाखाली बसला. पाणी आधी काळं, मग करडं, मग साधं वाहायला लागलं. महेश्वर मागं येऊन उभा राहिला.

"रोज आठ नाही जमणार," तो म्हणाला. "पॅड फाटतात. माल यायला वेळ लागतो. तुला माहीत आहे."

"व्हय."

"काळ्या गाडीला आठ. बाकीच्यांना पाच."

बिरप्पानं हातातला पॅड पिळला. पांढऱ्या गाडीला सहा लागतात. जुन्या लाल पेंटला तर काळ्याहून जास्त, तो रंग लगेच पॅडात उतरतो. हे सगळं सांगता आलं असतं. सांगितलं तर कदाचित मालक आज ऐकलाही असता. पण दिवस संपत आला होता.

"लालला पन आठ," तो म्हणाला. तेवढंच.

"बरं. लालला पण."

त्यानं पॅड तारेला चिमट्यांनी लावले, शटर महेश्वरनं ओढलं. बिरप्पाला वाटलं होतं, आज कायतरी जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटत नव्हतं. तीन वर्षांच्या रात्री आठवत होत्या आणि भूक लागली होती.

शेअर रिक्षात त्याला कडेची जागा मिळाली. सात रस्ता ओलांडला तो त्याला आठवत होता. त्यानंतर एकदम कुणीतरी गुडघा हलवत होतं.

"मामू, उतरते क्या? लास्ट है."

रिक्षा तुळजापूर नाक्यावर उभी होती. त्याच्या घराची भवानी पेठ केव्हाच मागं गेली होती. बिरप्पा उतरला आणि चालत परत निघाला. ऊन उतरलं होतं, पण रस्ता अजून धगधगत होता. बायको मायाक्काचा फोन आला.

"कुटं हाय?"

"फुडं गेलो हुतो. झोप लागली."

"रिक्षात?"

"व्हय."

ती दारातच उभी होती. टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करून तीही नुकतीच आली होती, केसांवर सुताचं पांढरं तूस तसंच. त्यानं हातपाय धुतले, भिंतीला टेकून बसला आणि तिला सगळं सांगितलं. सिस्टरबाई, आठ पॅड, मालकानं स्वतः मशीन धरलं ते, उद्या सिव्हिलला जायचं ते. मायाक्का भाकरी थापता थापता ऐकत होती.

"म्हंजे आता खांदा बरा व्हईल?" तिनं विचारलं.

"न्हाय म्हणली. वाढनार न्हाय, एवढंच."

मायाक्काचे हात परातीवर थांबले. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"तेवडं तर तेवडं," ती म्हणाली. "जेवून घे. उद्या मी येते संगट."